१९८३ चा बेडूक आणि माझे २६० पौंड

गिअरबॉक्स उघडला आणि आत पांढरंशुभ्र ग्रीस दिसलं, तेव्हाच पोटात गोळा आला. चाळीस वर्षं मातीत खेळलेल्या रिमोटच्या गाडीतलं ग्रीस तपकिरी आणि चिकट असतं, त्यात वाळू करकरते. हे तर कालच भरल्यासारखं होतं.

थोडं मागे जातो. मी इंग्लंडमध्ये नोकरी करतो आणि गेली सहा वर्षं फावल्या वेळात जुन्या रिमोटच्या बग्ग्या दुरुस्त करतो. नाद पुण्यातला. आमच्या वाड्यात एकांचे मामा मस्कतहून तामिया या जपानी खेळणी कंपनीची ‘द फ्रॉग’ घेऊन आले होते. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती, फक्त बघायचं. ती बग्गी म्हणजे आमचा ‘बेडूक’. पुढे कमवायला लागल्यावर हॉर्नेट झाली, ग्रासहॉपर झाली, पण बेडूक राहूनच गेला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे. फ्रॉग पहिल्यांदा १९८३ साली आली, किट क्रमांक ५८०४१. नंतर २००५ साली तामियाने ती पुन्हा काढली, क्रमांक ५८३५४. ही री-रिलीज झकास गाडी आहे, मुलांना घेऊन द्यायची तर हीच घ्या. पण जुन्या मूळ गाडीला संग्राहक कितीतरी जास्त पैसे मोजतात, आणि लांबून दोघी जुळ्या बहिणी दिसतात. साचा जुनाच वापरला तर त्यावर कोरलेलं सालही तेच राहतं, त्यामुळे ‘खाली १९८३ लिहिलंय’ या पुराव्यावर जाऊ नका.

तर अशी मूळ फ्रॉग विकायला असल्याची एक जाहिरात मला दिसली. फोटो सुरेख होते. मळकी बॉडी, कडा उडालेले स्टिकर, भेगाळलेले टायर, जुना यांत्रिक स्पीड कंट्रोलर आणि मागे मूळ खोका. खोक्याचा उजवा कोपरा फाटलेला, त्यावर दुकानाच्या किमतीची अर्धी खरवडलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीनेच मला मारलं. असली बारीकसारीक गोष्ट कोण कशाला खोटी करेल? आणि ती खोटी नव्हतीच. खोका अस्सल होता. रिकामे जुने खोकेही वेगळे विकत मिळतात, हे मला माहीत असून त्या वेळी आठवलं नाही.

मी अगदीच बावळट नव्हतो. मागच्या चाकांना फिरवणारे दांडे जवळून दाखवा, असं विचारलं. मूळ फ्रॉगमध्ये या दांड्यांची टोकं षटकोनी असतात, ती खोबणीत फिरून फिरून गोल होतात आणि मग मोटार नुसती घोंगावते, गाडी जागची हलत नाही. या गाडीची ही जुनी दुखरी नस. री-रिलीजमध्ये म्हणून टोकाला आडवी पिन असलेले दांडे दिले आहेत, ज्यांना सगळे डॉगबोन म्हणतात. फोटो आला, त्यात डॉगबोन. मी विचारलं, हे कसं? उत्तर तयार होतं: “मोठ्या भावाने बदलून घेतले होते, जुने झिजायचे ना.” मला पटलं. कारण मीही तेच केलं असतं! जुन्या गाडीला नवे दांडे बसवणं ही सर्रास केली जाणारी सुधारणा आहे. विकणाऱ्याला माझ्यापेक्षा कमी माहीत असतं तर मी वाचलो असतो.

किंमत ठरली २६० पौंड. वर त्याने सुचवलं की ऑनलाइन पैसे पाठवताना खरेदीऐवजी ‘मित्र किंवा नातेवाईक’ हा पर्याय निवडा, कमिशन वाचेल. आठ-दहा पौंडांसाठी मी खरेदीदाराला मिळणारं संरक्षण स्वतःच्या हाताने सोडून दिलं. बायको तेव्हाच म्हणाली होती, “हा तुझा कोण लागतो?” मी हसण्यावारी नेलं.

पार्सल आलं. खोका नव्हता, “तो वेगळा पाठवतो” असा निरोप. मी तोवर बॉल बेअरिंगचा संच, रिमोटचा संदेश पकडणारा नवा २.४ गिगाहर्ट्झचा रिसिव्हर, सगळं मागवून बसलो होतो.

मग एकेक उलगडत गेलं. चिखल फक्त बाहेरून. स्क्रू काढून चासीचे, म्हणजे सांगाड्याचे, दोन अर्धे भाग वेगळे केले, तर आतल्या कोपऱ्यांत धुळीचा कण नाही. आतल्या स्क्रूंच्या डोक्यांवर स्क्रू ड्रायव्हरचा दुसरा ओरखडा नाही. स्टिकरची कड ओली करून बोटाने चोळली तर चहाच्या रंगाचं पाणी आलं. आणि तो स्पीड कंट्रोलर. हे जुने कंट्रोलर सर्व्होने, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटारीने, सरकतात, टप्पे बदलताना ठिणग्या उडतात, तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडून खड्डे पडतात, रेझिस्टर इतका तापतो की बोट भाजतं. इथे पट्ट्या आरशासारख्या. त्यातून एकदाही वीज गेली नव्हती. गाडी जुनी दिसावी म्हणून नुसता चिकटवून ठेवला होता.

दांड्यांना सबब होती. कोऱ्या पट्ट्यांनाही एखादी निघाली असती. सगळ्यांना मिळून एकच सबब कुठून आणणार?

विकणाऱ्याला लिहिलं. पहिलं उत्तर गोड, “मी काही तज्ज्ञ नाही, भावाची गाडी होती.” दुसरं तुटक. तिसरं आलंच नाही. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं, हा व्यवहार खरेदी म्हणून नोंदलेलाच नाही. इथे खासगी विक्रीतही वस्तू वर्णनाप्रमाणेच असावी लागते आणि छोट्या दाव्यांच्या कोर्टात १०,००० पौंडांपर्यंत जाता येतं. पण दावा लावायला नाव आणि पत्ता लागतो. पार्सल कोपऱ्यावरच्या दुकानातून टाकलेलं, नाव अर्धवट, पत्ता नाही.

आता मी जुनी गाडी घेताना गिअरबॉक्सची बाजू उघडून फोटो मागतो, कंट्रोलरच्या पट्ट्यांचा मागतो, आणि गाडीजवळ त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगतो. खरा मालक कुरकुरतो, पण पाठवतो. जवळ असेल तर स्वतः जाऊन बघतो. आणि डॉगबोन असतील तर काढलेले जुने दांडे कुठे आहेत ते विचारतो. बहुतेक नादिष्ट माणसं जुना भाग फेकत नाहीत, डबीत टाकून ठेवतात.

गाडीला बेअरिंग बसवली आणि रविवारी मैदानात पळवते माझी मुलगी. छान पळते. त्यात गाडीचा काय दोष?

मागच्या महिन्यात दुसऱ्याच नावाने एक फ्रॉग विकायला आली. मागे तोच खोका, उजवा कोपरा फाटलेला, तीच अर्धी खरवडलेली चिठ्ठी. मी वेगळ्या खात्यावरून गिअरबॉक्सचा फोटो मागितला. उत्तर आलं, “आणखी दोघं मागे लागलेत, आजच ठरवा.” मी चिठ्ठीवर खरवडलेला आकडा कोणता ते विचारलं. जाहिरात तासाभरात गायब झाली.