आरटीएक्स ४०९० वापरून झालं, आता ५०९० घेऊ का?

दोन्ही एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं, ५०९० म्हणजे ४०९० च्या पुढच्या पिढीतलं. थेट सांगतो, मी घेत नाहीये. आणि ४०९० चे पैसे वसूल झाले का म्हणाल तर झाले, पण गेमिंगमुळे अजिबात नाही.

पहिले काही महिने निव्वळ हौस होती. मॉनिटर माझा जुनाच, १४४०पी वाला, कार्ड लावलं आणि काउंटर उघडून बघतो तर कार्डचा युसेज (किती काम करतंय ते) पन्नास-साठ टक्क्यांच्या वर जायलाच तयार नाही, म्हणजे सीपीयू धापा टाकत फ्रेम तयार करतोय आणि एवढं महागडं कार्ड हातावर हात ठेवून बसलंय. मग काय, ४के मॉनिटर आला. १४४०पी ला साधारण ३७ लाख पिक्सेल असतात, ४के ला ८३ लाख, तेव्हा कुठे त्याला घाम फुटला. मॉनिटरपाठोपाठ पॉवर सप्लाय बदलला कारण कार्ड एकटंच ४५० वॅट ओढतं. मग कॅबिनेट. लांबी न मोजता ऑर्डर केलं ही चूक सर्वस्वी माझी, आणि त्यात ती १६ पिनची केबल बाजूच्या काचेला टेकत होती म्हणून दोन आठवडे काच काढूनच ठेवली. केबल दाबून वाकवायची हिंमत झाली नाही, २०२२ मध्ये वितळलेल्या कनेक्टरचे फोटो कोणी बघितले नाहीत? एनव्हिडियाचं तेव्हा म्हणणं होतं की प्लग पूर्ण आत बसलेला नसणं हेच मुख्य कारण. असेलही. मी अजून अधूनमधून टॉर्च मारून बघतो. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इथे तर कोंबडीच बारा आण्याची आणि मसाला वेगळा.

गेममध्ये भारी आहे हो, त्यात वाद नाही. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) फुल्ल, सगळं अल्ट्रा. पण ४के वर डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी सोय, क्वालिटी मोडमध्ये लावली की आतून गेम १४४०पी वरच रेंडर होतो आणि तो मोड मी कायम लावतो, म्हणजे घेतलं ४के साठी आणि चालवतोय काय ते तुम्हीच बघा.

पैसे वसूल झाले ते २४ जीबी व्हीरॅममुळे, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीमुळे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठा सीन असला की १२ जीबीच्या जुन्या कार्डावर मेमरी संपायची, मग टेक्स्चर लहान करा, सीन तोडा, रात्रभर रेंडर लावून सकाळी एरर बघा, हे सगळं बंद झालं. आणि घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचं तर ३२ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये (आकडे दाबून लहान केलेलं) आरामात आत बसतं. एकदा का ते व्हीरॅमच्या बाहेर सांडून साध्या रॅममध्ये गेलं की स्पीडची वाट लागते, तिथे मग कार्ड कितीही फास्ट असो. म्हणून नव्या पिढीतलंच १६ जीबीचं ५०८० मी विचारातच घेतलं नाही, गेमसाठी ठीक आहे ते.

आता ५०९०. लाँचच्या जाहीर किमती बघा, ४०९० ची १५९९ डॉलर, ५०९० ची १९९९, म्हणजे पंचवीस टक्के जास्त. कूडा कोर, म्हणजे कार्डातले गणित करणारे छोटे भाग, १६,३८४ वरून २१,७६०, तेहतीस टक्के जास्त. वॅट ४५० वरून ५७५, अठ्ठावीस टक्के जास्त. लक्षात आलं का? सगळं एकाच मापात वाढलंय. चिप बनवायची प्रोसेसही त्याच ४एन घराण्यातली, त्यामुळे हुशार झालं असं नाही, अंगाने वाढलं एवढंच. खरी उडी मेमरीत आहे, ३२ जीबी जीडीडीआर७ (नव्या प्रकारची मेमरी) आणि बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा ये-जा करायचा वेग, १००८ वरून १७९२ जीबी प्रति सेकंद, हे बघून माझंही मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. पण ७० अब्जचं मॉडेल ४ बिटमध्येसुद्धा ३२ जीबीत पूर्ण बसत नाही, मग माझ्यासाठी गणित तिथेच संपतं. आणि ते लाँचला एका खऱ्या फ्रेममागे तीन बनावट फ्रेम घालणारं मल्टी फ्रेम जनरेशन, आकडा मोठा दिसतो पण माऊस हलवल्यावर हाताला जे जाणवतं ते खऱ्या फ्रेमवरच अवलंबून, मूळ फ्रेमरेट तीसवर रखडत असेल तर वर १२० दिसून काय उपयोग.

ज्यांचं काम रोज रेंडर करणं आहे आणि वाचलेल्या तासाचे पैसे मिळतात त्यांनी जरूर घ्यावं. फक्त गेम खेळायचेत आणि मॉनिटर १४४०पी आहे तर हा रस्ताच सोडा, आधी मॉनिटर आणि सीपीयू बघा.

मी माझ्या ४०९० ची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून ठेवलीये, फ्रेममधला फरक डोळ्यांना कळत नाही आणि पंख्यांचा आवाज निम्म्यावर आलाय. कोणी सेकंड हँड ४०९० बघत असाल तर बेंचमार्क नंतर, आधी केबल काढून पिनांजवळचं प्लास्टिक काळं पडलंय का ते बघा.