हवा मोजायचं मशीन, आठ महिने वापरून: ५ पैकी ३ स्टार

गच्चीवरून थर्मल प्लांटच्या चिमण्या दिसतात आमच्या. सकाळी खिडकीची चौकट पुसली की संध्याकाळी बोटाला परत करडी पावडर लागते, म्हणून म्हटलं एकदाचं कळू दे छातीत काय जातंय, आणि हा घरगुती एअर क्वालिटी मॉनिटर घेतला.

मशीन तसं चांगलंय. आतला छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या उजेडात कण चमकतात आणि त्यावरून पीएम २.५ चा (हवेतल्या अगदी बारीक, २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा येतो, किचनमध्ये काही करपलं की काही सेकंदांत लाल.

पण पहिल्याच आठवड्यात डोकं फिरलं. मशीनशेजारच्या चौकटीवर राखेचा थर आणि हे म्हणतंय फक्त १८! कस्टमर केअरवाले म्हणाले रीस्टार्ट करा. केलं. परत १८. मग जरा शोधाशोध केल्यावर कळलं की चिमणीच्या धुरातली ९९ टक्क्यांच्या वर राख आत ईएसपी नावाच्या, विजेच्या भाराने राख ओढणाऱ्या फिल्टरमध्येच पकडतात (तो नीट चालू असेल तर हां), चौकटीवर बसते ती बरीचशी प्लांटची राख साठवतात त्या तळ्यावरून आणि कोळशाच्या ढिगावरून उडालेली जाड धूळ, आणि असले जाड कण या स्वस्त सेन्सरला धड दिसतच नाहीत. स्क्रीनवर पीएम १० म्हणून (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) जो आकडा येतो तो बारीक कणांवरून बांधलेला अंदाज. हे बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे गॅस. कधीकधी काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतो, घसा खवखवतो, आणि मशीन हिरवंगार! कारण सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड हे मोजायचा सेन्सरच नाहीये त्यात. तो सल्फर डायऑक्साइड हवेत काही तासांनी, कधी दिवसांनी सल्फेटचे बारीक कण बनतो आणि तोवर वाऱ्याबरोबर कुठच्या कुठे गेलेला असतो, म्हणजे आमच्या प्लांटचा धूर दुसऱ्याच कुणाच्या मशीनवर दिसणार आणि आमच्याकडे भलत्याचाच.

थंडीत सकाळी ऊन वर आलं की आकडा चढायचा. चिमणी उंच, त्यामुळे रात्री धूर थंड हवेच्या थराच्या वरच राहतो आणि ऊन तापून तो थर मोडला की खाली उतरतो, असं वाचून मी खूश, सापडला चोर! पण त्याच वेळी रस्त्यावर ट्रॅफिकही सुरू होतं. गच्चीवर रिबीन बांधून महिनाभर वाऱ्याची दिशा वहीत लिहिली तेव्हा कुठे थोडा अंदाज आला, वारा चिमण्यांकडून असला की चढ जास्त. पुरावा वगैरे नाही हा.

धुक्यात आकडा अजिबात बघू नका, दमटपणाने कण फुगतात आणि मशीन १८० दाखवून घाबरवतं. आणि अ‍ॅपमधला रंग त्या क्षणाचा असतो, डब्ल्यूएचओची पीएम २.५ साठीची १५ मायक्रोग्रॅमची (दर घनमीटर हवेत) मर्यादा मात्र २४ तासांच्या सरासरीची आहे, म्हणून ग्राफ उघडून सरासरीच बघा.

खिडकी कधी लावायची एवढं ठरवायला घ्या. प्लांटविरुद्ध तक्रारीत हे आकडे जोडायचे असतील तर नका घेऊ, मी जोडले होते, साहेबांनी पहिला प्रश्न विचारला की कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कुठंय.

एक स्टार पीएम १० च्या थापेसाठी कापला, एक बॉक्सवरच्या ‘संपूर्ण हवा तपासणी’ साठी. केबल पण आखूड आहे.