दुसरा इव्हेंट कुठला टाकायचा, ब्रेस्टस्ट्रोक की बॅकस्ट्रोक? (नियमांच्या बाजूने बघितलं तर)

पोहण्याच्या मास्टर्स (म्हणजे मोठ्या वयाच्या लोकांच्या) स्पर्धेत पहिल्यांदा नाव देणारा माणूस एक फ्रीस्टाईल टाकतोच, त्यात विचार करण्यासारखं फारसं नसतं. नियमच कमी आहेत हो. टर्नला आणि फिनिशला अंगाचा कुठलाही भाग भिंतीला लागला की झालं, स्टार्ट आणि टर्ननंतरचे 15 मीटर सोडले तर पूर्ण पाण्याखाली राहायचं नाही, आणि अगदीच दम निघाला तर तळाला पाय टेकून उभं राहिलात तरी बाद होत नाही, फक्त चालायचं नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही. खरा घोळ दुसऱ्या इव्हेंटला होतो. बटरफ्लाय बहुतेक जण तिथेच सोडतात (तसं मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारायची डॉल्फिन किक येत नसली तरी नियम आडवा येत नाही, खांदे येतात तो भाग वेगळा). उरले दोन. ब्रेस्ट आणि बॅक, म्हणजे उताणं पोहायचं तो.

मी दोन्ही टाकून बघितलेत आणि आता एकच टाकतो. कुठला ते पुढे कळेलच. पण आधीच सांगतो, मी वेगाबद्दल बोलत नाहीये. पंचविशीच्या गटापासून पुढे दर पाच वर्षांचे गट असतात, तुमच्या गटात कोण येईल आणि तुमचा नंबर कितवा लागेल हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते मोठेपणी स्पर्धेत उतरणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो, की एवढी तयारी करून, एवढा वेळ काढून गेलो तर निदान निकालाच्या कागदावर नावापुढे टायमिंग यावं, डीक्यू (म्हणजे बाद) नको. त्या हिशोबाने हे दोन स्ट्रोक कसे आहेत तेवढंच बघू.

पहिल्यांदा वाटतं ते असं की ब्रेस्टस्ट्रोक सोपा. मोठेपणी पोहायला शिकलेल्यांना तो बहुतेक वेळा आधी येतो, तोंड समोर असतं, प्रत्येक हाताला श्वास मिळतो, भिंत दिसते. बॅकस्ट्रोकला काहीच दिसत नाही, नाकात पाणी जातं, मागे भिंतीवर डोकं आपटेल ही भीती डोक्यात बसलेली असते. त्यामुळे दहातले आठ जण तरी ब्रेस्टस्ट्रोक टाकत असावेत असा माझा अंदाज, आणि त्यांचं फार चुकतं असं नाही. पण नियमांचं पुस्तक उघडलं की चित्र बरंचसं उलटं होतं.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नियम प्रत्येक हाताला, म्हणजे हातांच्या प्रत्येक फेऱ्याला आहेत. एक हात, एक किक, त्याच क्रमाने. हात एकदम हलले पाहिजेत, कोपरं पाण्याखाली हवीत (टर्नच्या आणि फिनिशच्या शेवटच्या हाताला सूट आहे), हात कंबरेच्या मागे जाता कामा नयेत, फक्त स्टार्ट आणि टर्ननंतरचा पहिला हात मांडीपर्यंत नेता येतो. त्या पाण्याखालच्या हाताबरोबर एकच डॉल्फिन किक, तीही पहिल्या ब्रेस्ट किकच्या आधी. मग दुसऱ्या फेऱ्यात हात सगळ्यात जास्त फाकलेले असताना, ते आत वळायच्या आधी, डोकं वर आलं पाहिजे. प्रत्येक चक्रात डोक्याचा काही भाग पाण्याबाहेर दिसला पाहिजे. हे वाचताना दमायला होतं, पोहताना सवयीने होऊन जातं, त्यामुळे यातलं बरंचसं मला तरी कधी अडचणीचं वाटलं नाही. एक बारीक गोष्ट मात्र नवीन लोकांना नडते. भिंत थोडी लांब राहिली की आपण सवयीने एक जादा किक मारून सरकतो. शेवटचा हात किकशिवाय चालतो, पण हाताशिवायची किक चालत नाही. पोहताना हा फरक डोक्यात राहणं कठीण आहे, कारण दमलेलं शरीर नेमकं उलटं मागत असतं.

भिंतीला दोन्ही हात एकदम लागायला हवेत, आणि एकमेकांपासून सुटे. एकावर एक ठेवलेले चालत नाहीत. बरं एवढंच की ते एका उंचीवर असायची गरज नाही, एक पाण्यावर एक पाण्याखाली चालतो, त्यामुळे ज्यांचा एक खांदा आखडलेला आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण 25 मीटरच्या पूलमध्ये 100 मीटर म्हणजे चार वेळा भिंत आली, आणि चारही वेळा टर्नचा जज तिथे उभा असणार.

आता माझी गोष्ट सांगतो, ज्याच्यामुळे माझं ठरलं. पाऊल.

नियम असा आहे की किकचा जोर लावताना दोन्ही पावलं बाहेर वळलेली पाहिजेत, आणि दोन्ही पाय एकाच वेळी, एकाच आडव्या पातळीत हलले पाहिजेत. वाचायला सरळ आहे. माझा डावा घोटा जुन्या मुरगळीपासून पूर्ण बाहेर वळत नाही, उजवा नीट वळतो. ताज्या दमात असताना डावं पाऊल जेमतेम नियमात बसतं, दमलो की ते हळूहळू सरळ व्हायला लागतं आणि त्याची सिझर किक होते, म्हणजे पाय कात्रीसारखे वेगवेगळे चालतात. यात सगळ्यात वैताग आणणारा भाग म्हणजे मला ते कळत नाही. पाय माझ्या मागे आहेत, पाण्याखाली आहेत, मला वाटतं दोन्ही सारखे मारतोय, आणि काठावर चालणारा जज मात्र नेमकं तेच बघत असतो. सरावात एकाने बघितलं आणि म्हणाला चालेल, दुसऱ्याने तीच किक बघितली आणि म्हणाला जजचा हात वर जाणार, म्हणजे बाद. व्हिडिओ काढला तर पाण्याच्या फेसात काही दिसत नाही, पाण्याखालून काढला तर सगळंच इतकं स्पष्ट दिसतं की स्वतःच्या पायांबद्दल नको ते विचार येतात. मग शर्यतीत पोहताना अर्धं लक्ष डाव्या पायात. दुसऱ्या लेंथला तर मी पोहतोय की घोटा सांभाळतोय हेच कळेनासं होतं, आणि फिनिशला आल्यावर आनंद व्हायच्या आधी नजर रेफरीकडे जाते, की कुणी बाद केल्याची चिठ्ठी लिहितंय का.

हा फक्त माझ्या घोट्याचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. मोठ्या माणसांचे गुडघे, घोटे, कंबर क्वचितच दोन्ही बाजूंनी सारखे असतात, आणि लहानपणी किक पक्की झालेली नसेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा वेगळा चालतोच. वरच्या पातळीवरही ब्रेस्टस्ट्रोकचे पाय हा कायम वादाचाच विषय राहिलाय. 2004 मध्ये अथेन्सला कोसुके किताजिमाने 100 मीटर ब्रेस्टचं सुवर्ण घेतलं तेव्हा डॉल्फिन किकवरून आरोप झाले, आणि पुढच्याच वर्षी एक डॉल्फिन किक नियमातच आली. 2012 ला लंडनमध्ये कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने 58.46 मध्ये जिंकलं, आणि नंतर जादा किका मारल्याचं त्याने स्वतःच मान्य केलं. पदक त्याच्याकडेच राहिलं. ऑलिंपिकच्या फायनलला जे काठावरून पकडता आलं नाही ते तुमच्या हीटमध्ये पकडलं जाईल की सुटेल हे तुम्ही कसं सांगणार? शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला, असं म्हणतात, आणि बहुतेक जज तसं वागतातही. पण मला सुटण्याच्या भरवशावर पोहायला आवडत नाही.

बॅकस्ट्रोकला नियम नाहीत असं नाही, पण ते जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी गोळा झालेत, भिंतीपाशी. मधल्या पट्ट्यात एकच मोठी अट, उताणं राहायचं. अंग डावीउजवीकडे डोलतं ते चालतं, नव्वद अंशांच्या आत असलं की झालं, डोकं कुठे आहे याच्याशी नियमाला घेणंदेणं नाही. हात कसे मारता, किक कशी मारता, एक पाय वाकडा, घोटा आखडलेला, कुणी विचारत नाही. आणि मुख्य म्हणजे आपण उताणे आहोत की पालथे हे ज्याचं त्याला कळतं. मला तरी हा फरक फार मोठा वाटला. नियम पाळतोय की नाही हे मला पोहता पोहता समजतं, नंतर कुणी येऊन सांगावं लागत नाही.

स्टार्टचीही एक सोय आहे. बॅकस्ट्रोकला सगळेच पाण्यातून निघतात, पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं, दुसरीला भिंतीपाशी यायचं, त्यामुळे ब्लॉकवरून सूर मारायची भीती, गॉगल निसटणं, हे विषयच नाहीत. पायाची बोटं पूलच्या काठाच्या गटारीच्या कडेवर अडकवायची नाहीत एवढं लक्षात ठेवा. अर्थात मास्टर्समध्ये ब्रेस्टलाही काठावरून किंवा पाण्यातून भिंत ढकलून निघता येतं, म्हणून हा मुद्दा मी फार ताणत नाही, पण आजूबाजूचे सगळे ब्लॉकवर असताना आपण एकट्याने पाण्यात राहायचं हे सगळ्यांनाच आवडतं असं नाही.

आता टर्न, कारण बॅकस्ट्रोकला लोक घाबरतात ते याच्यासाठी. फ्लिप टर्नला (पाण्यातच कोलांटी मारून वळायचं तो) भिंतीजवळ पालथं व्हायची परवानगी आहे, पण पालथं झाल्यावर लगेच, न थांबता, एक हात किंवा दोन्ही हात एकदम ओढून टर्न सुरू करायचा. इथे लोक जातात. लवकर वळतात, भिंत लांब राहते, मग हात पुढे ठेवून तरंगत तिच्यापर्यंत जातात, आणि जज चिठ्ठी लिहितो. पण हे करायची सक्ती कुठे आहे? 1991 पर्यंत उताणं असतानाच हाताने भिंतीला टेकावं लागायचं, तो नियम गेला, पण तसं करायला आजही मनाई नाही. उताणेच भिंतीला हात लावा, मग हवं तसं वळा, पाय भिंतीवरून सुटताना परत पाठीवर असलात की नियमाच्या दृष्टीने तुम्ही स्वच्छ. सेकंद दीड सेकंद जातो. मला तो जाऊ द्यायला काही वाटत नाही. आणि 50 मीटरच्या पूलमध्ये 50 बॅक टाकलं तर टर्नच नाही.

फिनिश मात्र नीट बघा, बॅकस्ट्रोकमध्ये नवख्यांसाठी खरा सापळा तोच आहे. भिंत आली असं वाटलं की मान वळते, मानेबरोबर खांदा जातो, आणि उताण्याचं पालथं झालं की संपलं. फिनिशला पाठीवरच टेकायचं, आपल्याच लेनमध्ये. 2023 पासून शेवटच्या 5 मीटरमध्ये पूर्ण पाण्याखाली गेलं तरी चालतं, पण तो फायदा वेगवान पोरांचा, आपल्याला त्याचा उपयोग शून्य. आपल्या उपयोगाचे ते झेंडे. भिंतीपासून 5 मीटरवर, पाण्याच्या वर आडव्या दोरीला लावलेले. झेंडे डोळ्यांवरून गेले की हात मोजायचे. एकदा आकडा पक्का झाला की मान वळवायची इच्छाच होत नाही.

बॅकस्ट्रोकचे त्रासही सांगायला हवेत, नाहीतर मी एकतर्फी वाटेन (आहेच थोडासा). उघड्या पूलमध्ये वर छत नसतं, सरळ जायला काही खूण मिळत नाही, मी अजूनही अधूनमधून लेनच्या दोरीवर घासतो आणि दंडाला ओरखडे येतात. दोरीला लागल्याने बाद होत नाही, पण लय जाते. दुपारी ऊन थेट डोळ्यांत, त्यासाठी गडद गॉगल लागतो. ज्यांची मान किंवा खांद्याची मागची हालचाल आखडलेली आहे त्यांना 100 मीटरच्या दुसऱ्या अर्ध्यात हा स्ट्रोक चांगलाच दुखवतो, त्यांनी माझं ऐकू नये.

तसंच ज्यांची ब्रेस्टची किक लहानपणापासून पक्की आहे, पाण्याखालून काढलेल्या व्हिडिओत दमल्यावरही दोन्ही पावलं सारखी वळलेली दिसतात, त्यांनी खुशाल ब्रेस्ट टाकावं, त्यांना त्यात मजाही जास्त येईल. व्हिडिओ ताज्या दमातला नको पण, शेवटच्या लेंथचा काढा. त्यात शंका वाटली तर मी तरी 50 बॅकच सुचवेन, आणि स्पर्धेच्या दिवशी वॉर्मअपला झेंड्यापासून भिंतीपर्यंतचे हात शर्यतीच्या वेगात दोनतीनदा मोजून घ्या, आरामात पोहताना मोजलेला आकडा शर्यतीत जुळत नाही.