प्रेट्झेलसाठी सोड्याचं पाणी: उकळतं घ्यावं की गार?

ठाण्यात ओव्हन मनापासून लावावासा वाटतो तो डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत. पहाटे पारा 15-16 अंशांपर्यंत उतरतो, येऊरच्या डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांना त्याहून थोडी जास्तच थंडी मिळते, आणि मे महिन्यात नकोसा वाटणारा 220 अंशांचा ओव्हन या दिवसांत घर ऊबदार करतो. अशा एखाद्या रविवारी मऊ प्रेट्झेल, म्हणजे पीळ घातलेले गडद तपकिरी जर्मन पाव, करायचं तुमच्या मनात असेल आणि यीस्ट घालून मैदा मळणं हातात बसलेलं असेल, तर खरा निर्णय एकच उरतो. ओव्हनमध्ये जाण्याआधी ते कसल्या पाण्यात बुडवायचे?

घरी करण्याजोगे मार्ग दोन. पहिला सगळ्यांना माहीत असलेला: पातेल्यात पाणी उकळायचं, लिटरला 50-60 ग्रॅम खाण्याचा सोडा घालायचा, एकेक प्रेट्झेल अर्धा मिनिट त्यात सोडून झाऱ्यानं काढायचा. दुसरा: तोच सोडा आधी तासभर ओव्हनमध्ये भाजायचा, मग साध्या गार पाण्यात विरघळवायचा आणि त्यात प्रेट्झेल बुडवायचे. मी दोन्ही प्रकार बरेच दिवस आलटून पालटून केले आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते माझ्या स्वयंपाकघरापुरतं खरं आहे. तुमचा ओव्हन, तुमचा मैदा वेगळा असेल, तर थोडा फरक धरून चाला.

तिसरा मार्ग म्हणजे खुद्द जर्मन बेकऱ्यांचा. तिथे कॉस्टिक सोड्याचं साधारण 3 ते 4 टक्क्यांचं द्रावण वापरतात. म्युनिकमध्ये अशी आख्यायिका सांगतात की 1839 साली एका राजमान्य कॉफीगृहातल्या बेकरनं साखरेच्या पाण्याऐवजी चुकून सफाईसाठी ठेवलेलं कॉस्टिकचं पाणी प्रेट्झेलना लावलं आणि तो गडद, चकचकीत रंग सापडला. गोष्ट खरी असो वा नसो, रंगाचं कारण मात्र पक्कं आहे: पृष्ठभाग जितका क्षारीय, तितकी पिठातली प्रथिनं आणि साखर भट्टीच्या आचेला लवकर एकत्र येऊन तपकिरी होतात, आणि प्रेट्झेलचा तो खास वासही त्यातूनच येतो. ओव्हनमध्ये कॉस्टिकचा कॉस्टिकपणा संपतो, त्यामुळे तयार प्रेट्झेल खायला निर्धोक असतो. पण द्रावण करताना हातमोजे आणि चष्मा लागतो, आणि खाण्याच्या दर्जाचा कॉस्टिक सोडा मला ठाण्यातल्या नेहमीच्या दुकानांत कधी मिळाला नाही. नळ तुंबल्यावर ओततात तो यासाठी अजिबात वापरू नका. ज्या घरात लहान मुलं ओट्याशी लुडबुडतात तिथे हा विषय मी इथेच मिटवतो.

आता उकळतं पाणी. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तयारी काही नाही. सोड्याचा डबा घरात असतोच, पातेलं असतंच. गरम पाण्यात वरच्या थरातला स्टार्च शिजतो, म्हणून कवच थोडं चिवट, बेगलसारखं (उकळून मग भाजलेल्या कड्याच्या आकाराच्या पावासारखं) होतं. ज्यांना चावून खायला आवडतं त्यांना हे भावेल. शिवाय उकळताना खाण्याच्या सोड्यातला काही कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी हळूहळू जास्त क्षारीय होत जातं. त्यामुळे शेवटचे दोन-तीन प्रेट्झेल पहिल्यांपेक्षा किंचित गडद निघतात, हे माझ्या ट्रेवर दर वेळी दिसायचं.

मला ज्यानं हैराण केलं ते पाणी नव्हे, झारा. प्रेट्झेलचा जीव त्याच्या आकारात असतो. दोन-सव्वादोन फूट लांब दोरी वळायची, मधे जाड आणि टोकांना निमुळती, दोन्ही टोकं एकमेकांत एक पीळ घालून खाली आणायची आणि पोटाला चिकटवायची. फुगून मऊ झालेला हा आकार ट्रेवरून उचलतानाच लांबतो. उकळत्या पाण्यात पडल्यावर तो अजून फुगतो आणि चिकटवलेली टोकं सैल होऊन वर तरंगायला लागतात. झारा खाली घातला की गोल झाऱ्यावर मधलं पोट बसतं आणि दोन्ही बाहू कडेवरून लोंबतात. तिरका करून निथळावं तर घसरतो, सरळ धरावा तर खाली गरम पाणी साचतं. ट्रेवर उतरवेपर्यंत पीळ उलगडलेला, कातडीवर सुरकुत्या, आणि बोटानं टोक पुन्हा दाबावं तर ते चिकटत नाही, कारण वरचा थर शिजलेला असतो. भाजून झाल्यावर त्या सुरकुत्या तशाच राहतात. चव उत्तम, पण ताटात ठेवल्यावर तो प्रेट्झेल दिसत नाही, गाठ सुटलेला पाव दिसतो.

त्यात आमचं पातेलं बेताचं, एका वेळी दोनच मावतात. पाचशे ग्रॅम मैद्याचे आठ होतात. पहिले दोन पाण्यात असताना उरलेले सहा ओट्यावर फुगत बसतात आणि शेवटच्या जोडीपर्यंत ते इतके हलके झालेले असतात की हात लावला की बसतात. थंडीत हे जरा सावकाश होतं म्हणून निभावतं; ऑक्टोबरमध्ये निभावत नाही. मोठा, चपटा झारा आणि पसरट कढई असेल तर त्रास कमी होईल, हे मान्य. पण मला दर वेळी ओट्याशी उभं राहून ती धावपळ नको झाली होती, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

भाजलेल्या सोड्याची गंमत साधी आहे. खाण्याचा सोडा तापवला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच (क्षारीयतेचं माप, 7 च्या वर जितका जास्त तितकं पाणी क्षारीय) 8 च्या जरा वर असतो, कार्बोनेटच्या पाण्याचा 11 च्या पुढे जातो. कॉस्टिकइतका नाही, पण रंगासाठी पुरेसा. मी 100 ग्रॅम सोडा स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून 150 अंशांवर तासभर ठेवतो. झाला की नाही हे रंगावरून कळत नाही, वजनावरून कळतं: 100 चे साधारण 63-64 ग्रॅम उरले की समजायचं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे खरा उपयोगी पडतो. 70-75 वर अडकलं असेल तर अजून वीस मिनिटं.

हा उरलेला सगळा सोडा मी 1 लिटर गार पाण्यात विरघळवतो. आधी चमचाभर टाकून ढवळायचं, मग पुढचा. एकदम ओतला तर तळाशी दगडासारखा गठ्ठा बसतो. पाणी थोडं कोमट होतं, ते निवू द्यायचं.

या पद्धतीत आकार दिलेले प्रेट्झेल खोलीत थोडे फुगू देऊन मग न झाकता तासभर फ्रिजमध्ये ठेवता येतात, आणि माझ्या मते सगळा फरक इथे पडतो. गार झालं की पीठ घट्ट होतं, वर किंचित कोरडी साय धरते. जर्मनीत बेकर यासाठी गार हवेचा झोत वापरतात. आपल्याकडे जानेवारीतल्या बाल्कनीचीही तेवढी ताकद नाही, फ्रिजच हवा. असा प्रेट्झेल दोन्ही हातांनी अलगद उचलता येतो, आकार जसाच्या तसा. पसरट स्टीलच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं बुडवायचा, एकदा उलटायचा, काढून जाळीवर निथळायचा. तरंगत नाही, उलगडत नाही, सुरकुतत नाही. आणि सगळे फ्रिजमध्ये थांबलेले असल्यानं आठवाही पहिल्यासारखाच निघतो. मग पोटाच्या जाड भागावर धारदार सुरीनं एक आडवी चीर. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबिया भागातल्या प्रेट्झेलमध्ये ही चीर आणि बारीक कुरकुरीत बाहू असतात, शेजारच्या बव्हेरियातले (म्युनिककडचे) बाहू जाड असतात आणि वरचं कवच आपोआप तडकतं. गार पिठावर चीर स्वच्छ पडते. उकळलेल्या ओल्या पिठावर सुरी ओढली जाते.

रंगात मला गारवाला सरस वाटतो. पिकल्या चिकूच्या सालीपेक्षा गडद, थोडा लालसर, आणि चमक बटर न लावताही येते. उकळलेल्याचा रंग सोनेरीच्या आसपास थांबतो, अंड्याचा हात फिरवला तरच तजेला येतो. चवीच्या बाबतीत आमच्या घरात मतभेद आहे, तो सांगायला हवा. आईला उकळलेलाच आवडतो. तिच्या मते त्याचं कवच चहात बुडवल्यावर लवकर विरघळत नाही. मला उकळलेल्यात कधी कधी जिभेच्या मागे सोड्याची तुरट चव जाणवते, विशेषतः नीट निथळला नसेल तर. गारवाल्यात ती मला जवळजवळ लागत नाही. मोजमाप करून मी हे सिद्ध करू शकणार नाही, पण मुलं दोन्ही ताटांत ठेवले तर आधी गडद उचलतात.

गारवाल्याच्या अडचणीही आहेतच. एक तास जास्तीचा ओव्हन चालवावा लागतो. भाजलेला सोडा उघड्या हातांनी हाताळू नये, त्वचा कोरडी पडते, नखांशी चुरचुरतं. मी भांडी धुण्याचे रबरी मोजे वेगळे ठेवले आहेत. ॲल्युमिनियमचं भांडं किंवा उघडा ॲल्युमिनियमचा ट्रे चालत नाही, काळा पडतो. ओटीजीसोबत (घरगुती छोट्या ओव्हनसोबत) येणारे ट्रे कधी कधी तसले असतात, म्हणून सिलिकॉनची चटई अंथरा. साध्या बटर पेपरला ओला प्रेट्झेल तळाशी चिकटतो आणि सोलून काढावा लागतो, पण ही तक्रार दोन्ही पद्धतींना सारखीच लागू आहे. आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत भाजलेला सोडा ओल धरतो. मी एका वेळी अर्धा किलो भाजून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवतो, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहून, म्हणजे कुणी ढोकळ्यात घालणार नाही. हे एकदा केलं की जास्तीच्या तासाचा मुद्दा जवळपास उरत नाही.

दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा रसायन म्हणून हेच आहे, पण तो खाण्यासाठी बनवलेला नसतो, तेव्हा नको. पापडखाराबद्दल मला हमखास विचारतात. उडदाच्या पापडाला जो गुण येतो तो क्षारामुळेच, हे खरं. पण पापडखारात इतर क्षारही असतात आणि त्यांचं प्रमाण दुकानागणिक बदलतं, त्यामुळे रंगाचा आणि खारटपणाचा भरवसा देता येत नाही. डब्यातला सोडा भाजणं इतकं सोपं असताना मी त्या वाटेला जात नाही.

उकळत्या पाण्याला मी एका ठिकाणी अजून मान देतो: तुम्हाला प्रेट्झेल न करता त्याच पिठाचे छोटे तुकडे करायचे असतील तेव्हा. दोरीचे इंच-दीड इंचाचे तुकडे कापा, मूठभर एकदम पाण्यात सोडा, वर आले की झाऱ्यानं काढा. त्यांना आकारच नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही, आणि ते चिवट कवच छोट्या घासात छान लागतं. संध्याकाळी सोसायटीतली मुलं घरी येणार असतील आणि हाताशी दोनच तास असतील, तर हेच करा. वितळलेलं बटर, लसूण, किंचित लाल तिखट. वाटी ठेवली की संपते. पण पीळ घातलेला, ताटात मिरवणारा प्रेट्झेल हवा असेल तर सोडा भाजाच. पहिल्यांदा करणाऱ्यानं तर नक्कीच, कारण त्यात घाई नाही.

पीठ दोन्हींसाठी एकच चालतं: 500 ग्रॅम मैद्याला 260-270 मिलिलिटर पाणी, 30 ग्रॅम बटर, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर गूळ. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट वाटला पाहिजे. या दिवसांत फुगायला दीड तास धरा. दोरी वळताना ती मागे आखडायला लागली तर ओढू नका, पाच मिनिटं झाकून दुसरी घ्या. ओव्हन 220 वर, 13-15 मिनिटं.

मीठ मी खड्याचंच वापरतो, खलबत्त्यात जाडसर कुटून. ओल्या प्रेट्झेलवर लगेच भुरभुरावं, एकदा कवच वाळलं की ते धरत नाही. मात्र जेवढे आज खायचे तेवढ्यांवरच मीठ घाला. मीठ हवेतली ओल ओढतं, रात्रभरात ते पाणी होऊन कवचावर पांढरट डाग आणि सुरकुत्या पडतात, आणि डब्यात झाकून ठेवले तर लवकरच. उरणाऱ्यांवर पांढरे तीळ लावा, संक्रांतीच्या आसपास ते घरात असतातच. दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकले की ते पुन्हा बरेचसे कालच्यासारखे होतात.