पद्मिनीचं इंजिन बदललं नाही: एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालवल्यावर

"जिप्सीचं इंजिन टाक, मख्खन पळेल" एवढंच ज्यांना ऐकायचंय त्यांचा या अनुभवाने थोडा विरस होईल. गाडी १९७४ची प्रीमिअर पद्मिनी, पुण्यातली, एकाच घरात राहिलेली. रिस्टोरेशनला काढली तेव्हा पत्रा आणि रंग यांवर घरात कुणाचं दुमत नव्हतं. सगळा वाद इंजिनावरून.

मूळ इंजिन १०८९ सीसीचं, नव्यात साधारण ४० बीएचपीचं. आमचं दमलेलं होतं. रेस दिली की मागे निळा धूर, आणि गाडी गरम झाल्यावर सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. पर्याय तीन. हेच इंजिन पुन्हा बांधायचं, प्रीमिअरच्याच ११८ एनई या गाडीचं निसान इंजिन बसवायचं, किंवा मारुती जिप्सीचं १२९८ सीसीवालं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं. मित्रांचं मत जिप्सीला, मावसभावाचं निसानला. त्याच्या पद्मिनीत तेच आहे. निसानचा पर्याय अगदी परका नव्हताच. प्रीमिअरने स्वतः फियाट १२४च्या बॉडीत निसानचं ११७१ सीसी ए-१२ इंजिन घालून ११८ एनई काढली, आणि पद्मिनीच्या शेवटच्या एस-१ मॉडेललाही निसानचा, फ्लोअरवर दांडा असलेला गिअरबॉक्स दिला. म्हणजे घरातलीच सोयरीक.

निर्णय मात्र मतांवर झाला नाही, मशीन शॉपमध्ये झाला. हेड उतरवून ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं मुख्य धड, तिथे नेला. मशीनवाल्या काकांनी आधी बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, तोंडाशी नख फिरवलं. वरची रिंग जिथे थांबते तिथे कड तयार झाली होती, नख अडकत होतं. मग बोअर गेज आत सोडून फिरवला. दुसऱ्या सिलिंडरमध्ये काटा इकडून तिकडे डुलत होता, म्हणजे बोअर ओव्हल. पिस्टनवरचा आकडा पुसून पाहिला तर ब्लॉक आधी एकदा ओव्हरसाइज झालेला, म्हणजे बोअर घासून मोठे केलेले. काका म्हणाले, "अजून एक बोअर सहज निघेल. नंतर स्लीव्ह टाकता येतील. ब्लॉकला तडा नाही, उगाच कशाला फेकता?" क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ग्राइंड करावा लागणार होता, पण त्यालाही पुढच्या अंडरसाइजची बेअरिंग मिळत होती. माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला. इंजिन बदलायचं की नाही हे गॅरेजवाल्याला विचारण्याआधी ब्लॉक आणि क्रँक मोजून घ्या. ती मापं हातात नसताना केलेली चर्चा म्हणजे नुसती चहाची बिलं.

जिप्सीवर काट मारण्याचं कारण ताकद कमी-जास्त हे नव्हतं. ८० बीएचपी म्हणजे मूळच्या दुप्पट, आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणजे पुढे डिस्क बसवा. एमपीएफआय म्हणजे टाकीत हाय प्रेशर पंप, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नवं वायरिंग. गिअरबॉक्स वेगळा, म्हणून त्याच्यावरचा पत्र्याचा बोगदा कापा, त्याला खालून धरणारा क्रॉसमेंबर नवा बनवा, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करा. स्टिअरिंगवरचा गिअर जाणार आणि त्याच्यासोबत पुढच्या सलग सोफ्याची मजाही जाणार. एवढं केल्यावर पद्मिनीचं उरतं ते बॉनेट आणि बिल्ला.

कागदांचं काय, हे कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे: कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरची नोंद वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम कडकपणे लावलं. त्यात २०२१चे व्हिंटेज नियम. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तो नंबर घेतला की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून मी अजून घेतलेला नाही. पण ते दार माझ्यासाठी उघडं आहे. मावसभावाचं बंद झालं. आरटीओच्या फिटनेस तपासणीला इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट घ्यायची वेळ आली तेव्हा त्याला किती खेटे घालावे लागले, ते त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे.

आता चालवण्याचं. बोअर, पिस्टन सेट, क्रँक, व्हॉल्व्ह, हेड फेसिंग, क्लच प्लेट, सगळी मजुरी धरून खर्च सत्तर हजारांच्या आसपास गेला. नवे भाग रुळेपर्यंतचा रनिंग-इनचा काळ कंटाळवाणा, ५०च्या वर न्यायची नाही. त्यानंतर मात्र गाडी मोकळी झाली. धूर गेला, ऑइलचा दिवा चावी फिरवल्यावर एकदा दिसतो तेवढाच. ६५-७०ला ती खूश असते. ८५ला नेली तर बोलायला ओरडावं लागतं. शहरात लिटरला दहा-अकरा, हायवेला चौदाच्या जवळपास. आणि हो, बॅटरी बसली तर पुढून हँडल मारून अजूनही सुरू होते. सोसायटीतली पोरं त्यासाठी बॅटरी बसायची वाट बघतात.

कुरकुर आहेच. उन्हाळ्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढात ट्रकमागे अडकलो आणि गाडीने दम सोडला. व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटून असतो, तो तापला की पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर ओलं फडकं टाकून थांबणे हा जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय, तोच केला. नंतर पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवली, तेव्हापासून त्रास बराच कमी आहे. दुसरं दुखणं इथेनॉलचं. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलने पंपाचा जुना डायफ्राम कडक झाला आणि रबरी नळ्या फुगल्या. दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे बसवले. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा केला, तेव्हा कुठे पिकअपमधला झटका गेला. हे दुखणं निसान इंजिन टाकूनही गेलं नसतं, तेही कार्बोरेटरवरच चालतं.

पावसाळ्यात प्लगच्या ठिणगीसाठी लागणाऱ्या पॉइंट आणि कंडेन्सरने पिडलं. दमट सकाळी तीन सेल्फ, मग खोकत सुरू. शेवटी प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. बाहेरून काही दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्या खर्चात वसूल झालेला खर्च हाच. जुना पॉइंट सेट डिकीत ठेवलाय.

मावसभावाची गाडी मी मुद्दाम दोनदा पुणे–सातारा मार्गावर चालवून पाहिली. खोटं बोलणार नाही, निसान इंजिन ओढतं छान. चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागत नाही, फ्लोअरवरचा गिअर खटकन पडतो. पण ठरावीक वेगाला फ्लोअरमधून थरथर येते, कारण इंजिनाची माउंटिंग घरगुती बनावटीची. स्पीडोमीटर भलतंच दाखवतो. आणि ११८ एनईचं उत्पादनही कधीच बंद पडलंय, त्यामुळे सुटे भाग शोधायला त्यालाही आमच्यासारखंच कुर्ला नाहीतर नाना पेठ पालथी घालावी लागते.

मग बदलावं कुणी? ब्लॉकला तडा गेलेला, किंवा गाडीत आधीच कुठलंतरी परकं डिझेल इंजिन बसवलेलं, त्याने खुशाल बदलावं, आणि माझ्या मते निसानच घ्यावं. ब्रेकवर फार ताण येत नाही. रोज द्रुतगती मार्गाने मुंबई गाठायची असेल तर मात्र पद्मिनीला कुठलंही इंजिन टाकून उपयोग नाही, त्यासाठी दुसरी गाडी घ्या.

आमच्याकडे आता उरलंय ते स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे बुश, रिव्हर्स टाकताना अजून शोधावा लागतो, आणि रेडिएटर. त्याची कोर बदलायचं काम पुढच्या उन्हाळ्याआधी करायचंय. पितळी कोर जुन्या पद्धतीने डागून देणारा कारागीर पुण्यात कुणाला माहीत असेल तर सांगा, अॅल्युमिनिअमचा नको आहे.