जाळं त्याने टाकलं, अडकलो मी

सांगायला लाज वाटते. सात वर्षं तळ्यात पंगास मासे पाळतोय, आणि एका खाद्यविक्रेत्याने मला २४० गोण्यांना गंडवलं. २० किलोची गोणी, म्हणजे ४,८०० किलो खाद्य, सगळं आगाऊ घेतलेलं. एफसीआर, म्हणजे माशाचं वजन एक किलो वाढायला किती किलो खाद्य लागतं तो आकडा, १.२ येईल, हा त्याचा शब्द. म्हणजे ४,००० किलो वजन वाढायला हवं होतं, वाढलं १,६००. एफसीआर ३! पावणेदोन आला असता तरी मी तोंड उघडलं नसतं.

शहाणपण कुठे गहाण पडलं तेही सांगतो. सॅम्पलिंगला, म्हणजे थोडे मासे पकडून सरासरी वजन काढायला, हा पठ्ठ्या स्वतः आला. बांधावरून दोन मुठी दाणे टाकले, पाणी उकळल्यासारखं झालं, आणि लगेच त्याच जागी फेकजाळं. दाण्यावर आधी दांडगे मासे तुटून पडतात, हे मला माहीत नव्हतं? होतं! पण काट्यावर सरासरी ४१० ग्रॅम दिसली आणि मी हुरळलो. त्या आकड्यावर ५,००० माशांना ४ टक्क्यांनी रोजचं ८२ किलो खाद्य त्याने ठरवून दिलं. पंधरा दिवसांनी मी चार कोपऱ्यांत जाळं टाकलं, तर सरासरी २३०. रोज ४६ किलोसुद्धा पुरलं असतं. बाकीचं तळाशी कुजत होतं. खाद्य विकणाऱ्याच्या हातात जाळं देऊ नका.

दाणेही तरंगते म्हणून विकलेले, दहा मिनिटांत तळाला. आधी बादलीत टाकून बघा. ३२ टक्के प्रथिनांच्या अहवालावर भाळू नका. नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात, युरिया मिसळला तरी आकडा फुगतो.

तक्रार केली. साहेब म्हणाले, गोणी फोडलेली, नमुना चालणार नाही. बंद गोणी पाठीवर नेली, तर म्हणे बॅच नंबर नाही, कारवाई कोणावर करायची? अहो, तीच तर तक्रार आहे! पोलीस म्हणाले, तुमचा आपसातला व्यवहार. पुन्हा पहिल्या टेबलावर गेलो, तर साहेब मलाच विचारतात, "खाद्य वेळेवर देत नव्हता का?" देत होतो हो, त्याच्याच तक्त्याने, पहाटे ५ ला. त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी, तेव्हा खायला घालू नये, हे मीच इतरांना शिकवत आलोय.

त्याच्या डीपीला अजून तोच फोटो आहे: माझं तळं, त्याचा हात, हातात तो दांडगा मासा.