राकाया नदीवर गळाला कोणता मासा धरावा, सॅमन की ट्राउट?
न्यूझीलंडच्या कँटरबरीतली राकाया म्हणजे एक नदी नाहीच, गोट्यांच्या रुंद पात्रात दहा वाटांनी फुटलेलं पाणी, आणि तिकडं न्यूझीलंडच्याच सदर्न आल्प्स डोंगरांवर पाऊस झाला की सगळं गढूळ, मग बसा आठवडाभर!

सॅमन जानेवारी ते मार्च समुद्रातून वर चढतो, नदीत आल्यावर खातच नाही, त्यामुळे जड झेड स्पिनर (धातूचं चकाकतं नकली आमिष) टाकून त्याला नुसतं चिडवायचं, दिवसच्या दिवस रिकामे जातात. मासाही खूप कमी झालाय.

ट्राउटचं बरंय, तो खादाड. ऑक्टोबर-नोव्हेंबरला नदीच्या मुखाशी छोट्या माशांमागं धावतो, हलका रॉड पुरतो. नवख्यानं ट्राउटच धरावा बुवा, सॅमनला साधूचा पेशन्स लागतो.